उजवा कान गप्प झाल्यानंतर

माझ्या उजव्या कानाला ऐकू उत्तम येते, पण त्याच कानात खोलवर असलेली तोल सांभाळणारी यंत्रणा गेली काही वर्षे जवळपास बंद आहे आणि ती पुन्हा सुरू होईल अशी आशा एकाही डॉक्टरांनी मला दाखवलेली नाही. असे असूनही मी अक्कलकोट रोडवरच्या आमच्या यंत्रमाग कारखान्यापर्यंत रोज दुचाकीने जातो, मागांच्या दोन रांगांमधल्या अरुंद वाटेने चालतो आणि मान वळवून मागून येणारी रिक्षाही पाहतो. माझा कान जिथल्या तिथेच आहे. त्याच्यावाचून काम भागवायला मेंदू शिकला आहे. हे शिकणे कसे घडले, कशाने त्याला हातभार लागला आणि कशाने खोळंबा झाला, ते लिहून ठेवावे असे वाटले, कारण आमच्या सोलापुरात ‘चक्कर येते’ एवढ्या तक्रारीवर महिनोन्महिने गोळ्या खाणारी माणसे मला पावलोपावली भेटतात.

ऐन उन्हाळ्यातली गोष्ट. आदल्या आठवड्यात साधी सर्दी आणि अंगात कसकस होती, तिच्याकडे मी फारसे लक्ष दिले नव्हते. एका पहाटे पाणी प्यायला उठलो आणि खोली डावीकडे सरकायला लागली. एक फेरी पूर्ण होऊन थांबावी तशी ती थांबेना. कपाट, खिडकी, कॅलेंडर पुन्हा पुन्हा त्याच दिशेने घसरत राहिले. डोळे मिटले तर खोली थांबे, पण मग आपणच पलंगासकट डावीकडे फिरत आहोत असे वाटे. उभा राहिलो तेव्हा उजवीकडे कोसळलो, आणि पाठोपाठ उलट्या सुरू झाल्या. आईने ‘पित्त खवळलंय, लिंबू-साखरेचं पाणी द्या’ असे फर्मान काढले. पत्नीचे वडील पक्षाघाताने गेलेले असल्यामुळे तिच्या मनात मात्र वेगळीच धास्ती होती. ‘अहो, दोन्ही हात वर करून दाखवा, हसून दाखवा, तुमचं पूर्ण नाव सांगा,’ असे ती एकामागून एक सांगत गेली. हे सगळे मला नीट जमले, तरी तिने रिक्षा बोलावलीच.

रेल्वे लाईन्स भागातल्या एका रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञांनी यंत्राला हात लावण्याआधी माझे डोळे तपासले. ‘माझ्या नाकाकडे एकटक बघत राहा’ असे सांगून त्यांनी माझे डोके दोन्ही हातांत धरले आणि अचानक थोडेसे डावीकडे झटकले, मग तसेच उजवीकडे. डाव्या झटक्यात माझी नजर त्यांच्या नाकावर टिकून राहिली. उजव्या झटक्यात ती डोक्याबरोबर वाहवत गेली आणि क्षणभराने उडी मारून परत आली. मला स्वतःला हे कळले नाही, शेजारी उभ्या असलेल्या पत्नीला ते स्पष्ट दिसले. ही चाचणी सिडनीच्या हाल्माग्यी आणि कर्थॉईस या दोघांनी १९८८ साली मांडली. तिच्यातली मेख अशी की, अशा सतत गरगरणाऱ्या रुग्णात ती बिघडलेली निघाली तर संशय कानावर जातो आणि ती चांगली आली तर डॉक्टरांना मेंदूतल्या रक्तवाहिनीची काळजी लागते. डोळ्यांची थरथर कोणत्या दिशेला आहे आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर-खाली सरकलेला आहे का, हेही तिच्या जोडीला पाहिले की या तीन साध्या निरीक्षणांतून सुरुवातीच्या दोन दिवसांत पक्षाघात ओळखण्याचे काम घाईने काढलेल्या एमआरआयपेक्षाही चांगले होते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले आहे. माझे वय आणि रक्तदाब लक्षात घेऊन एमआरआय तरीही काढला, आणि तो स्वच्छ आला. निदान ठरले ते व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस, म्हणजे आतल्या कानातून तोलाची माहिती मेंदूकडे नेणाऱ्या नसेचा दाह. शरीरात दबा धरून बसलेला नागिणीच्या कुळातला विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि त्यातून हा दाह होतो, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. ऐकण्याची नस शेजारूनच जाते, ती वाचली.

डॉक्टरांनी पुढे जे समजावून सांगितले त्यामुळे माझी निम्मी भीती गेली. आपण अगदी निश्चल बसलेले असतानाही दोन्ही कानांतल्या तोलाच्या नसा स्वस्थ नसतात. माकडांवर केलेल्या मोजणीत त्यांचा प्रत्येक तंतू विश्रांतीच्या वेळीही सेकंदाला सरासरी नव्वदच्या आसपास स्पंदने पाठवताना आढळला आहे. डोके उजवीकडे वळले की उजव्या बाजूची स्पंदने वाढतात आणि डावीकडची घटतात, आणि मेंदू या दोहोंतला फरक वाचून डोके कोणत्या बाजूला किती वेगाने फिरत आहे ते ठरवतो. माझी उजवी नस एकाएकी गप्प झाल्यामुळे डावीकडचा नेहमीचा प्रवाहसुद्धा मेंदूला प्रचंड मोठा वाटू लागला, आणि ‘डोके डावीकडे वेगाने फिरत आहे’ असा त्याने अर्थ काढला. जी फिरकी नव्हतीच ती भरून काढण्यासाठी तो डोळे सावकाश उजवीकडे नेई आणि टोकाला पोहोचले की झटक्याने परत आणी. हेच ते खोलीचे सरकणे. या डोळ्यांच्या थरथरीला निस्टॅगमस म्हणतात. मेंदूचा हिशेब अगदी बरोबर होता, फक्त त्याच्या हातात आलेला एक आकडा शून्य होता.

रुग्णालयात स्टेरॉइड आणि चक्कर दाबणारे इंजेक्शन सुरू झाले. उलट्या थांबताच चक्करेचे औषध बंद करण्यात आले, आणि ते का बंद केले हे डॉक्टरांनी आवर्जून सांगितले. ही औषधे तोलाच्या केंद्रांनाच सुस्त करतात, आणि नेमकी तीच केंद्रे आता जागी राहून नवी घडी बसवणार असतात. म्हणून ती दोन-तीन दिवसांपलीकडे देऊ नयेत. घरी आलो तेव्हा भिंतीला धरून चालत होतो, पण स्वस्थ बसल्यावर खोली फिरणे बरेच कमी झाले होते. नस जराही सुधारलेली नव्हती, मग हे कसे घडले?

आमच्या धंद्यातले एक उदाहरण मला इथे चपखल वाटते. जुन्या मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, बीमला दोन्ही अंगांनी साखळ्या असतात आणि त्यांना वजने लटकवलेली असतात. एका बाजूची साखळी सुटली की कापड तिरके जाऊ लागते. अशा वेळी अनुभवी कारागीर दुसऱ्या बाजूचेही वजन कमी करून ताण समान करतो आणि मग सुटलेल्या बाजूची सोय पाहतो. लहान मेंदू पहिल्या काही दिवसांत असेच काही करतो. मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूच्या पाठीच्या कण्याकडे उतरणाऱ्या देठात, दोन्ही बाजूंना तोलाची केंद्रे आहेत, त्यांपैकी निरोगी बाजूच्या केंद्राला तो आवर घालतो, त्यामुळे दोहोंतली तफावत घटते आणि गरगर कमी होते. त्यानंतरचा भाग मला अधिक विलक्षण वाटतो. उजव्या बाजूच्या केंद्रातल्या पेशींना नसेकडून काहीच येत नसते. तरीही त्या हळूहळू स्वतःहून स्पंदने निर्माण करू लागतात, त्यांच्या बाहेरच्या आवरणाची उत्तेजित होण्याची क्षमता वाढते आणि पलीकडून येणाऱ्या दाबून टाकणाऱ्या संदेशांना त्या पूर्वीइतक्या बधत नाहीत. गिनिपिगांवरच्या प्रयोगांत हे सुमारे आठवडाभरात बरेचसे घडून आलेले दिसते. बाहेरून एक थेंबही येत नसताना रिकाम्या पडलेल्या केंद्राने आपला जुना स्वर आतूनच पुन्हा धरावा, यापुढे मला माझी चक्कर फार किरकोळ वाटू लागली.

पण ही झाली बसून असतानाची घडी. डोके हलले, वळले, वाकले की सगळे पुन्हा विस्कटे. नेमक्या याच टप्प्यावर नातेवाइकांच्या आग्रहाखातर आम्ही दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो. तिथे मानेचा एक्स-रे काढून ‘मणक्यात गॅप आहे’ असे सांगण्यात आले, गळ्यात पट्टा आला आणि महिनाभराच्या चक्करेच्या गोळ्या लिहून मिळाल्या. पन्नाशी ओलांडलेल्या कोणाच्या मानेत झीज दिसणार नाही, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. पट्ट्यामुळे मान हलेना, म्हणून चक्कर कमी वाटे. गोळ्यांनी दिवसभर झोप येई. सगळ्यांना वाटले, उतार पडला. पट्टा काढला की मात्र मी पहिल्या आठवड्यात होतो तितकाच डगमगे. माकडांवर आणि मांजरांवर जे प्रयोग झाले त्यांत एका बाजूची नस गेल्यानंतर ज्या प्राण्यांना जखडून किंवा अंधारात ठेवले ते मोकळ्या प्राण्यांपेक्षा फार उशिरा सावरले, हे मला नंतर समजले. गळ्यातला पट्टा आणि पडदे ओढलेली खोली यांनी माझी अवस्था त्याहून फार वेगळी ठेवली नव्हती. चक्कर आली की आराम, हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय या आजारात पहिल्या दोन-तीन दिवसांपुरताच खरा आहे.

पुन्हा पहिल्या डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी पट्टा आणि गोळ्या बंद केल्या आणि कानात पाणी सोडण्याची चाचणी करायला पाठवले. तिच्यात कानात शरीराच्या तापमानापेक्षा सात अंशांनी थंड, म्हणजे ३० अंश सेल्सिअसचे, आणि नंतर तितकेच गरम, म्हणजे ४४ अंशांचे पाणी ठरावीक वेळ सोडतात. त्यामुळे आतल्या नलिकेतला द्रव सरकतो आणि डोके जागचे न हलताही ते फिरल्याचा संदेश मेंदूला जातो. डाव्या कानात थंड पाणी जाताच मी पलंगाची कड घट्ट पकडली. तंत्रज्ञ बाईंनी मला त्यांच्या बोटावर नजर रोखायला सांगितली आणि ती रोखताच फिरणे चांगलेच मंदावले. डोळ्यांनी पाहिलेल्या स्थिर वस्तूच्या आधारे लहान मेंदू कानाचा खोटा निरोप तिथल्या तिथे दाबून टाकतो, हे मी स्वतःवर अनुभवले. उजव्या कानात पाणी गेले तेव्हा गार वाटले, आणि गरम पाणी गेले तेव्हा कोमट, बस्स. बाकी काहीच नाही. ही चाचणी व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी यांच्यामुळे आली. रुग्णांचे कान धुताना पाणी थंड असले की डोळे एका दिशेला थरथरतात आणि जास्त गरम असले की उलट दिशेला, हे त्यांच्या नजरेने टिपले. १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले तेव्हा ते रशियाच्या कैदेत युद्धबंदी होते.

त्यानंतर सुरू झाले ते खरे काम. फिजिओथेरपिस्ट ताईंनी एका कागदावर ठसठशीत ‘अ’ काढून तो भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला, हाताच्या अंतरावर लावला. नजर ‘अ’वर ठेवायची आणि डोके डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचे, नंतर वर-खाली. सुरुवातीला अक्षराचा फराटा होई आणि मळमळ सुरू होई. ताईंचा नियम मला फार आवडला: अक्षर जराही थरथरत नसेल तर व्यायाम फुकट गेला, आणि त्याचा पुरता फराटा झाला तर घाई झाली, ते जेमतेम वाचता येते आणि किंचित थरथरते, त्या वेगाला काम करायचे. यामागचे कारणही त्यांनी सांगितले. डोके वळल्यापासून डोळे उलटे फिरेपर्यंत निरोगी माणसात सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा लागत नाही, कारण हा निरोप कानाकडून सरळ जातो. डोळ्यांनी पाहून डोळे सावरायचे म्हटले तर त्याच्या दहापट वेळ सहज जातो. डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा घसरली की ती घसरण चूक म्हणून लहान मेंदूकडे पोहोचते आणि त्या चुकीच्या मापाने तो पुढच्या वेळचा हिशेब दुरुस्त करतो. चूकच झाली नाही तर दुरुस्ती कशाची करणार? हे व्यायाम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कूक्सी या दोघांनी बसवले. डोक्याला मार बसलेल्या सैनिकांपैकी जे लवकर हिंडू-फिरू लागत ते लवकर बरे होत, हे पाहून.

उभे राहण्याच्या व्यायामासाठी फोमची गादी सांगितली होती. चादरीच्या कारखानदाराच्या घरी फोम कशाला विकत आणायचा, म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात घड्या घातलेल्या चादरींची चळत रचून मी तिच्यावर डोळे मिटून उभा राहू लागलो. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तोलासाठी मेंदूकडे माहितीचे तीन स्रोत आहेत: कान, डोळे आणि पायाच्या तळव्यांपासून मानेपर्यंतचे सांधे व स्नायू. कान लंगडा पडला की मेंदू डोळ्यांवर नको इतकी भिस्त टाकतो. म्हणून डोळे मिटायचे, पाय मऊ गोष्टीवर ठेवायचे, आणि उरलेल्या कानाला कामाला लावायचे.

डोळ्यांवरच्या या भिस्तीचा ताप मला कारखान्यात सगळ्यात जास्त झाला. सोलापुरी चादरीची नक्षी म्हणजे एकसारख्या चौकटी, शंकरपाळे आणि पट्टे यांची न संपणारी रांग. तयार कापड टेबलावरून ओढत तपासताना ते सरकू लागले की मला टेबल स्थिर आणि जमीन सरकते आहे असे वाटे. मागाच्या दोन टोकांत धावणारा धोटा आणि वर नक्षी उठवणाऱ्या जकार्डच्या दोऱ्यांची उचल-खाली यांकडे एकदम नजर गेली की मी खांब धरी. आमचा जुना कारागीर, घरी तेलुगू आणि कारखान्यात अस्सल सोलापुरी बोलणारा, एकदा म्हणालाच, ‘मालक, माल तपासायलाव का खांब तपासायलाव?’ मी तपासणीचे काम मुलाकडे देऊन टाकणार होतो. ताईंनी नेमके उलट सांगितले. रोज थोडा वेळ, आधी बसून, मग उभे राहून, मग चालत, त्याच सरकत्या नक्षीकडे पाहायचे आणि गरगर सुरू झाली की लगेच पाठ न फिरवता ती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचे. भिवंडीला किंवा इचलकरंजीला साधे पांढरे कापड विणणाऱ्याला ही सोय घरबसल्या मिळाली नसती, असा एक विनोदही मी तेव्हा करत असे.

मेंदूतला बदल खरोखरच पक्का होतो का, की आपण फक्त सवयीने सहन करू लागतो, ही शंका मला बरेच दिवस छळत होती. तिचे उत्तर एका जुन्या निरीक्षणात सापडले. रशियन शास्त्रज्ञ बेख्तेरेव्ह यांनी एकोणिसाव्या शतकात प्राण्यांच्या एका बाजूचा तोलाचा अवयव काढला, प्राणी सावरू दिले आणि मग दुसऱ्या बाजूचाही काढला. आता दोन्ही बाजू सारख्याच शून्य झाल्या, तेव्हा डोळे शांत राहायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांची थरथर पुन्हा सुरू झाली, जणू दुसरा अवयव एकटाच गेला आहे आणि पहिला शाबूत आहे. याचा अर्थ मधल्या काळात मेंदूने मुक्या बाजूला खरोखरच नवा प्रवाह उभा केला होता. याच जातीचा पुरावा आपल्या काळात निरोगी माणसांतही मिळाला आहे. डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदने देऊन मेंदूचा ठरावीक भाग थोड्या वेळापुरता विस्कळीत करता येतो. हे तंत्र १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. २००७ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हालचालींची निवड करणाऱ्या डाव्या बाजूच्या भागाला असा व्यत्यय आणला, तेव्हा लोकांची कामगिरी ढासळली नाही, कारण थोड्याच वेळात उजव्या बाजूच्या त्याच भागाची सक्रियता वाढली होती. मग त्या उजव्या भागालाही व्यत्यय आणला तेव्हा मात्र चुका होऊ लागल्या. काही भरपाई इतक्या झटपट उभी राहते आणि काहीला माझ्यासारखे महिने लागतात. प्रौढ मेंदू एकदा घडला की घडला, ही आपली समजूत दोन्हींनी खोटी ठरते.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आली तोवर मी स्वतःला बरा समजू लागलो होतो. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत मात्र मर्यादा कळल्या. तो उंच ध्वज कमरेशी पेलून चालणाऱ्या माणसाचे सगळे शरीर क्षणोक्षणी दुरुस्ती करत असते. त्याच्याकडे मी पूर्वी श्रद्धेने पाहत असे, या वेळी थोड्या हेव्यानेही पाहिले. मान वर करून ध्वजाच्या टोकाकडे पाहिले आणि आभाळाच्या पार्श्वभूमीवर ते डोलू लागताच मी उजवीकडे झुकलो; पत्नीने दंड धरला. शोभेच्या दारूकामाच्या रात्री होम मैदानावर तर अंधार, पायाखाली उंचसखल माती आणि भोवती हलती गर्दी. डोळे आणि पाय या दोघांनीही एकाच वेळी साथ सोडली की एकट्या डाव्या कानावर सगळा भार येतो, आणि तो त्याला आजही पुरता पेलत नाही. म्हणून रात्री शेताकडे किंवा गल्लीत वीज गेलेली असताना मी हातात बॅटरी ठेवतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

पुढे पुण्याला कॅमेरा बसवलेला चष्मा घालून डोक्याच्या झटक्याची चाचणी करून घेतली. उजव्या बाजूचा प्रतिसाद आलेखावर जवळपास पहिल्याइतकाच क्षीण होता. बदल होता तो त्या परत येणाऱ्या उडीत. पूर्वी डोके थांबल्यानंतर पडणारी ती उडी आता डोके फिरत असतानाच पडत होती, इतकी लवकर की समोर बसलेल्या डॉक्टरांना नुसत्या डोळ्यांनी ती दिसली नसती. ती उडी सुरू असताना मेंदू दिसणारे चित्र दाबून ठेवतो, त्यामुळे मलाही अक्षराचा फराटा जाणवत नाही.

ही घडी कायमची शिवलेली नाही, हेही सांगायला हवे. गेल्या पावसाळ्यात सणसणून ताप आला तेव्हा दोन रात्री जागरण झाले आणि वळताना खोली पुन्हा किंचित मागे राहू लागली. डॉक्टरांनी हा नवा आजार नसल्याची खात्री करून घेतली. ताप, अपुरी झोप, दीर्घ अंथरूण किंवा झोप आणणारी औषधे यांनी जुळलेला हिशेब तात्पुरता ढिला पडतो, असे ते म्हणाले. ताप उतरताच मी ‘अ’चा कागद भिंतीवर चिकटवला आणि चादरींची चळत कोपऱ्यात मांडली. या वेळी सावरायला पहिल्यापेक्षा फारच कमी वेळ लागला. कागद मी अजून काढलेला नाही; सकाळच्या चहाआधी त्याच्यासमोर थोडा वेळ मान हलवतो, आणि नातू शेजारी उभा राहून, काहीही कारण नसताना, तसेच करतो.